ट्रोजन म्हणजे नेमकं काय? ग्रीकांचा लाकडी घोडा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची 'चलान' फाईल

गेल्या महिन्यातली गोष्ट. ऑफिसची बस महापेहून निघून नेहमीप्रमाणे शीळफाट्याला अडकली होती. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"अरे, आपल्या स्कूटरचं चलान आलंय व्हॉट्सअ‍ॅपवर. फाईल उघडली तर इन्स्टॉल करा म्हणालं, म्हणून केलं. आता एसएमएसची परवानगी मागतंय. देऊ का?"

"अजिबात नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की पुढच्या सीटवरचा झोपलेला माणूस जागा झाला. "फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि आईच्या फोनवरून मला लावा."

पुढची वीस मिनिटं बस हलली नाही, पण तेवढ्या वेळात आम्ही ते अ‍ॅप काढून टाकलं आणि बँकेला कळवलं. पैसे वाचले. रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "फोनमध्ये अँटीव्हायरस होता ना? मग हा व्हायरस शिरला कसा?"

प्रश्न बरोबर होता, फक्त एक शब्द चुकला होता. तो व्हायरस नव्हता, ट्रोजन होता. आणि ट्रोजन समजून घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ज्या गोष्टीवरून हे नाव आलं, ती गोष्ट नीट ऐकणं.

व्हायरस, वर्म आणि ट्रोजन

व्हायरस दुसऱ्या फाईलला चिकटून पसरतो. वर्म नेटवर्कवरून स्वतःच एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये जातो. ट्रोजन यातलं काहीच करत नाही. तो उपयोगी वस्तूचं सोंग घेऊन दाराशी उभा राहतो. त्याला आत आपण घेतो.

मूळ गोष्ट काय आहे?

ग्रीकांनी ट्रॉय शहराला दहा वर्षं वेढा दिला, पण तट काही पडेना. मग त्यांनी एक प्रचंड लाकडी घोडा बांधला, पोटात निवडक योद्धे बसवले आणि बाकीचं सैन्य जहाजांतून निघून गेल्याचं नाटक केलं. ट्रॉयच्या लोकांनी घोडा आत ओढून नेला. रात्री योद्धे बाहेर पडले, त्यांनी दरवाजे उघडले आणि शहर संपलं.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. गंमत म्हणजे होमरच्या 'इलियड'मध्ये घोडा येतच नाही. ते महाकाव्य हेक्टरच्या अंत्यविधीपाशी थांबतं. 'ओडिसी'मध्ये घोड्याचा प्रसंग थोडक्यात येतो. सविस्तर वर्णन आहे ते रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनीड'मध्ये, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. आणि आपल्या कामाचे तपशील तिथेच आहेत.

तीच गोष्ट, फोनच्या आत

एक, सिनॉन. ग्रीकांनी या नावाचा एक माणूस मुद्दाम मागे ठेवला होता. त्याने रडून सांगितलं की घोडा देवीला अर्पण केलाय, आणि तुम्ही तो आत नेऊ नये म्हणूनच इतका मोठा बांधलाय. झालं, ट्रॉयवाल्यांना तो आत न्यायचाच होता! सिनॉनशिवाय घोडा म्हणजे नुसती लाकडं. आपल्याकडे सिनॉनचं काम तो मेसेज करतो: 'तुमच्या वाहनाचं चलान थकलंय, ताबडतोब पाहा.' सुरक्षेच्या भाषेत याला सोशल इंजिनिअरिंग म्हणतात.

दोन, तट. व्हर्जिल सांगतो की घोडा आत घेण्यासाठी ट्रॉयवाल्यांनी स्वतःच्याच तटाला खिंडार पाडलं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप आपापल्या वेगळ्या खोलीत बंद असतं; दुसऱ्या अ‍ॅपचा डेटा त्याला थेट वाचता येत नाही. प्ले स्टोअरच्या बाहेरचं अ‍ॅप टाकायचं असेल तर 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करू द्या' हे बटण आपल्यालाच चालू करावं लागतं. ते बटण म्हणजे खिंडार. त्यानंतर एसएमएसची परवानगी दिली की अ‍ॅप ओटीपी वाचून पुढे पाठवू शकतं. अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी दिली, तर स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं.

तीन, लाओकून आणि कसांड्रा. पुजारी लाओकूनने घोड्यावर भाला फेकला. आतून पोकळ आवाज आला. राजकन्या कसांड्राने सावध केलं. दोघांचंही कुणी ऐकलं नाही. फोन लाल पट्टी दाखवून 'ही फाईल धोकादायक असू शकते' म्हणतो, तेव्हा तो पोकळ आवाजच असतो. आपण 'तरीही इन्स्टॉल करा' दाबतो.

म्हणून बाबांच्या प्रश्नाचं उत्तर असं: तट शाबूत होता, दार आतून उघडलं गेलं.

हे नाव कॉम्प्युटरमध्ये कधी आलं?

१९७४ साली पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी अमेरिकेच्या हवाई दलासाठी मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षेवर अहवाल लिहिला. 'ट्रोजन हॉर्स' हा शब्द त्यात याच अर्थाने आहे. १९८९ मध्ये एड्सची माहिती देण्याच्या नावाखाली टपालाने फ्लॉपी डिस्क पाठवल्या गेल्या. त्या वापरणाऱ्यांच्या फाईल्स काही दिवसांनी लपवल्या गेल्या आणि १८९ डॉलर मागितले गेले. माध्यम बदललं, घोडा तोच.

आमच्या क्षेत्रात अशी नावं बरीच आहेत. एमआयटीच्या 'अथेना' प्रकल्पातून आलेल्या लॉगिन पद्धतीचं नाव केर्बेरॉस, म्हणजे पाताळाच्या दारावरचा तीन डोक्यांचा कुत्रा. कसांड्रा नावाचा डेटाबेसही आहे. पण ट्रोजनची गोष्ट वेगळी: इथे नुसतं नाव घेतलेलं नाही, हल्ल्याची सगळी रचनाच त्या कथेत आहे.

मग ही गोष्ट परकी आहे का?

मी अडकलो होतो तिथून एक रस्ता कल्याणला जातो. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याण बंदराचा 'कॅलिएना' म्हणून उल्लेख आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती सापडली. गांधारच्या एका शिल्पात तर चाकांवरचा घोडा, त्यावर भाला रोखणारा माणूस आणि दारात हात उंचावलेली स्त्री दिसते. ते शिल्प आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आणि आपला स्वतःचा घोडाही आहे, फक्त तो हत्ती आहे! 'कथासरित्सागर'मध्ये वत्सराज उदयनाला पकडण्यासाठी उज्जयिनीचा राजा जंगलात यांत्रिक हत्ती ठेवतो, पोटात सैनिक. हत्तीच का? कारण उदयनाला हत्ती पकडायचा नाद होता. या ग्रंथाचं मूळ म्हणजे गुणाढ्याची 'बृहत्कथा'. परंपरा तिचा संबंध पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडते. माणूस पाहून आमिष निवडायचं, हा धडा त्यात आहे. स्कूटरवाल्याला चलान, लग्नाच्या मोसमात पत्रिका, वीजग्राहकाला बिल.

तुम्ही काय कराल?

- चलान, पत्रिका किंवा बिल कधीच अ‍ॅप नसतं. फाईलच्या नावाशेवटी 'एपीके' दिसलं की डिलीट करा.
- चलान खरंच आहे का, हे परिवहन खात्याच्या अधिकृत साइटवर स्वतः जाऊन बघा.
- चुकून इन्स्टॉल झालंच, तर आधी इंटरनेट बंद करा आणि सिम काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.
- पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळणं कठीण.
- परवानग्या देऊन झाल्या असतील, तर फोन फॅक्टरी रिसेट करा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

बाबांनी सगळी गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "म्हणजे मी तट फोडला, पण घोड्याचं पोट उघडायच्या आधी तुला फोन केला."

तेवढंच पुरेसं होतं. ट्रॉयमध्ये 'देऊ का?' असं कुणी विचारलंच नाही. घरातल्या मोठ्यांना एवढं नक्की सांगून ठेवा: काहीही इन्स्टॉल करण्याआधी बिनधास्त फोन करा. आणि तो फोन आला की वैतागू नका, बस कितीही वेळ अडकलेली असली तरी.