टेबलाच्या पलीकडचा माणूस

2012 साली अमेरिकेत सिअ‍ॅटलला भरलेल्या ‘ब्रिककॉन’ या लेगोप्रेमींच्या मेळाव्यात अ‍ॅलिस फिंच या बाईंनी हॅरी पॉटरची हॉगवर्ट्स शाळा मांडली. सुमारे 4 लाख लेगो विटा आणि वर्षभराची मेहनत. बक्षीस मिळाले यात नवल नव्हते. नवल होते ते आतल्या खोल्यांचे. वर्ग, जेवणाचे दालन, जिने असे सगळे आतूनही रचलेले, तेही बोटाच्या पेराहून जरा मोठ्या लेगो-माणसांच्या मापाने. आपल्या मुलांना त्यात खेळता यावे, हा फिंचबाईंचा हिशेब होता.

ही वीट डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची. 28 जानेवारी 1958 रोजी तिच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला आणि तेव्हाची वीट आजच्या विटेत आजही घट्ट बसते. खेळ मात्र पोरवयाचाच धरला जाई. दहावीच्या आसपास डबा माळ्यावर जायचा आणि नोकरीबिकरी लागून संसार थाटल्यावर पुन्हा खाली यायचा. या मधल्या वर्षांना या छंदातली मंडळी ‘अंधारयुग’ म्हणतात. त्यातून बाहेर पडलेल्यांना इंटरनेटवर एकमेकांचा पत्ता लागला आणि 2000 साली व्हर्जिनियात पहिला ‘ब्रिकफेस्ट’ भरला. मग 2002 मध्ये सिअ‍ॅटल, 2006 मध्ये मेलबर्नची ‘ब्रिकव्हेन्शन’, 2007 मध्ये शिकागोजवळची ‘ब्रिकवर्ल्ड’, 2015 मध्ये जपानातले कोबे. पंधरा वर्षांत जगभर पसारा झाला.

बहुतेक मेळाव्यांचा शिरस्ता सारखा. आधी एक-दोन दिवस फक्त मांडणाऱ्यांचे: व्याख्याने, सुट्या भागांची अदलाबदल, वाटेत ढासळलेले मनोरे पुन्हा उभे करणे. शनिवार-रविवारी दारे सगळ्यांना उघडी. टेबलांवर असते ते कंपनीच्या खोक्यातले, पुस्तिका बघून जोडलेले काम नव्हे. स्वतःच्या डोक्यातून उतरलेली ही रचना. तिला ‘मॉक’ म्हणतात. आणि मॉकमागे ती करणारा स्वतः उभा असतो. दिवाळीत अंगणात किल्ला मांडलेली पोरे येणाऱ्या-जाणाऱ्याला बुरूज, तळे, चोरवाट समजावून सांगतात, तसाच हा पन्नाशीचा गृहस्थ दिवसभर बोलत असतो. मुलांच्या दृष्टीने मेळाव्याचे मोल इथे आहे. भव्य मॉडेल फोटोतही दिसते. ‘हे कसे केले?’ असे विचारायची सोय फोटोत नाही.

उत्तरही ठोस मिळते. समजा, दहा वर्षांच्या मुलीने विचारले की घराच्या भिंतीवर वरचे गोल खुंट का दिसत नाहीत. वीट 9.6 मिमी उंच असते आणि तिची चपटी बहीण, म्हणजे प्लेट, बरोबर तिच्या एक तृतीयांश, 3.2 मिमी. दोन खुंटांच्या मध्यांतले अंतर 8 मिमी. पाच प्लेट एकावर एक चढवल्या की 16 मिमी होतात, आणि दोन खुंटांची रुंदीही नेमकी तेवढीच. म्हणून वीट कुशीवर निजवली तरी ती बाकीच्या भिंतीत फट न ठेवता बसते. गृहस्थ खिशातून पाच प्लेट काढून दाखवतो, मुलगी स्वतः जोडून बघते. शाळेत अपूर्णांक याहून बरे शिकवले जात असतील, तर आनंदच आहे!

अर्थात सगळीकडे दोऱ्या बांधलेल्या असतात आणि ‘हात लावू नका’च्या पाट्याही. लाखभर विटांच्या जहाजाला एका धक्क्याने काय होते, हे बघितलेल्याला त्या पाट्यांचा राग येत नाही. तरी ज्या खेळण्याचा जन्मच हाताळण्यासाठी झाला, ते दोरीपलीकडून बघायचे, यात काहीतरी खटकतेच.

या अडचणीवर सर्वांत सुंदर तोड ‘ग्रेट बॉल काँट्रॅप्शन’ने काढली आहे. एकाने जिना करायचा, दुसऱ्याने पाळणा, तिसऱ्याने चेंडू उडवणारा हात. ही यंत्रे ओळीने लावली की छोटे चेंडू एकातून दुसऱ्यात फिरत राहतात. नियम मोजके. ठरावीक मापाच्या टोपलीत चेंडू घ्यायचे, सरासरी सेकंदाला 1 या वेगाने पुढे धाडायचे, आणि साठवून एकदम सोडायचे असतील तर एका खेपेला 30 पेक्षा जास्त नाहीत. मधे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. जपानच्या आकियुकी या कलाकाराची यंत्रे तर बघणाऱ्याला जागचे हलू देत नाहीत. पण नियम पाळले तर एखाद्या सातवीतल्या मुलाचे ओबडधोबड यंत्रही याच साखळीत, मुरलेल्या माणसाच्या यंत्राशेजारी बसते. ते अडकले की पूर्ण रांग तुंबते आणि शेजारचे काका मदतीला वाकतात. इतक्या बरोबरीने मुलांना वागवणारी प्रदर्शने फार नसतील.

मेळाव्यांच्या याच वाटेने काही जण पार बिलुंडच्या कंपनीपर्यंत गेले. जेमी बेरार्ड हा मेळाव्यांत वावरणारा अमेरिकन चाहता पुढे कंपनीचा डिझायनर झाला. 2007 साली आलेले ‘कॅफे कॉर्नर’ हे कोपऱ्यावरचे हॉटेल त्याचे. त्या इमारतीने घालून दिलेल्या जोडणीच्या मापावर आज चाहत्यांची अख्खी शहरे टेबलांवर उभी राहतात. विटेवर ताण आणणारे कोणते जोड टाळावेत, यावरचे त्याचे 2006 च्या ‘ब्रिकफेस्ट’मधले व्याख्यान अजूनही मंडळी धुंडाळून वाचतात.

आपल्याकडे चाहत्यांचे गट आहेत, पण लाखांच्या विटा कोणाच्या खिशाला परवडणार? खेळण्यांवरचे आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेले आणि 2023 मध्ये 70 झाले. तेव्हा इथल्या आयोजकांनी हॉगवर्ट्सच्या मागे न लागता चेंडूंच्या यंत्रांची रांग आधी लावावी. दोन-तीनशे तुकड्यांत एक यंत्र होते, आणि 2 बाय 4 च्या एकाच रंगाच्या अवघ्या सहा विटा 91,51,03,765 तऱ्हांनी जोडता येतात, हा कोपनहेगनचे गणिती सोरेन आयलर्स यांच्या संशोधनातून आलेला आकडा प्रवेशद्वारावर लावला तर पालकांचीही थोडी समजूत पटेल.