मत्स्यटाकीतले पाणी आणि सरकारचा पैसा
मासे पाळणाऱ्याला माशापेक्षा पाण्याची काळजी अधिक असते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, बंद टाकीत साचतो. तेच पाणी फिरवून वापरायचे तर जीवाणूंना कामाला लावावे लागते. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. हे दुसरे काम रखडले की नायट्राइट माशाच्या रक्तात शिरते, हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते आणि रक्त चॉकलेटी दिसू लागते. (नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्याने तान्ह्या बाळांना होतो तो हाच विकार.) यावर पाण्यात मीठ घालतात. मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांपाशीच अडवते.

समजा, हा बिघाड आधीच ओळखणारे स्वस्त यंत्र तुम्हाला सुचले. पैसा कोण देईल? बँक तारण मागेल. मोठी कंपनी विचारेल, खप किती? अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनमधील अधिकारी रोलंड टिबेट्स यांनी १९७७च्या सुमारास यावर वाट काढली आणि १९८२ मध्ये तिचा कायदा झाला. ज्या सरकारी खात्याचा बाहेरून करवून घेण्याच्या संशोधनावरचा खर्च दहा कोटी डॉलरहून अधिक, त्याने त्यातला ठरावीक वाटा छोट्या कंपन्यांसाठी राखायचा. आरंभी तो ०.२ टक्के होता, पुढे ३.२ टक्क्यांवर गेला. मत्स्यशेतीच्या कल्पना शेती खात्याकडे जातात, पाणी आणि कचऱ्याच्या पर्यावरण खात्याकडे.

पैसा टप्प्याटप्प्याने मिळतो. आधी काही महिन्यांपुरता, कल्पनेत दम आहे का हे पाहण्यासाठी. असेल तर नमुना यंत्र घडवण्यासाठी मोठी रक्कम. ती परत करायची नाही, सरकार कंपनीत भागही मागत नाही. तिसरा टप्पा विक्रीचा, त्याला या योजनेतून दमडी नाही.

खरी गोम इथेच आहे. संरक्षण खाते ज्याला पैसा देते, त्याचे गिऱ्हाईकही पुष्कळदा तेच असते. शेती खाते मात्र माशांच्या टाक्या बांधत नाही. पर्यावरणाच्या यंत्रांना निदान प्रदूषणाचे नियम कडक झाले की मागणी येते. मत्स्यशेतीत पहिला गिऱ्हाईक शोधणे, माझ्या मते, संशोधनापेक्षा कठीण.

आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही २००५ मध्ये याच धर्तीची योजना काढली. हैदराबादच्या वाचकांना आंध्र किनाऱ्यावरचे कोळंबीचे तलाव ठाऊक असतील. रात्री पाण्यातला प्राणवायू उतरतो, एरेटर बंद पडला तर सकाळपर्यंत सगळे पीक मरू शकते. त्या तलाववाल्याला विचारून पाहा, कुणीच न वापरलेले यंत्र तो पहिल्यांदा लावील का.