नवी लहान मोटार : मालकी आणि इंधन

मोटार पेढीच्या नावे घ्यावी की स्वतःच्या, हा पहिला प्रश्न. पेढीच्या नावे असल्यास खासगी वापराचा अंश वगळून आयकरात सामान्यतः वार्षिक १५ टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी झाल्यास निम्माच. मात्र खरेदीवरील वस्तू व सेवा कराची वजावट बहुतेक व्यापाऱ्यांस मिळत नाही, हे अनेकांस बिल झाल्यावरच उमगते.

इंधनाचा खरा शत्रू वेग होय. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. चौविहार असलेल्यांस गोंदियाहून सूर्यास्तापूर्वी बालाघाट गाठण्याची घाई असणे स्वाभाविकच. परंतु त्यास उपाय अर्धा तास आधी निघणे हाच. चाके थंड असतानाच हवा तपासावी, आणि डिकीतील तांदळाची पोती दुकानी उतरवावीत.