विश्लेषण : आरोग्य केंद्राला गुण गावकऱ्यांनी दिले तर?

सरकारी आरोग्य केंद्रात बाळंतपण मोफत असते. औषधे, तपासण्या, तिथे असेपर्यंतचे जेवण आणि घरी सोडणारी गाडीही मोफत. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात हे सारे लिहिलेले आहे. तरीही बाळंतिणीच्या नवऱ्याच्या हाती बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी पडली, किंवा रात्री डॉक्टर नाहीत म्हणून तिला तालुक्याला पाठवले, तर ते कोणाच्या लक्षात येणार? वरिष्ठांची तपासणी नोंदवह्यांची असते आणि ती चिठ्ठी कोणत्याच नोंदवहीत नसते. ती माहिती फक्त त्या घराकडे असते. आरोग्य सेवेचे नियोजन आणि आढावा यांत सेवा घेणाऱ्यांनाच सामील करून घ्यावे, या कल्पनेमागचे साधे कारण हेच आहे. महाराष्ट्राने ही कल्पना अनेक वर्षे राबवून पाहिली.

कल्पना आली कुठून?

१९७८ मध्ये अल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा मंजूर झाला. आरोग्य सेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे त्यात नमूद आहे. त्याआधीच, १९७० पासून, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडमध्ये गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करायला सुरुवात केली होती. सरकारी यंत्रणेला मात्र प्रश्न विचारले जाण्याची सवय नव्हती. २००४ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आणि जन स्वास्थ्य अभियान यांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांत आरोग्य हक्कावर जनसुनावण्या घेतल्या. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि लोकांची देखरेख हा त्याच्या आराखड्याचाच भाग झाला.

महाराष्ट्रात काय केले गेले?

२००७ मध्ये देशातील नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रायोगिक टप्पा सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे निवडले गेले. प्रत्येक जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि प्रत्येक केंद्राखालची पाच गावे, अशी एकूण २२५ गावे. पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे राज्यपातळीवरचे समन्वयाचे काम होते. पुढे हा उपक्रम १३ जिल्ह्यांपर्यंत वाढला.

पद्धत साधी होती. गावात बैठक घ्यायची. आरोग्य सेविका ठरल्या दिवशी येते का, लसीकरण होते का, केंद्रात पैसे मागतात का, आदिवासी आणि दलित वस्तीत सेवा पोहोचते का, हे विचारायचे. उत्तरांवरून गावाचे प्रगतिपुस्तक तयार करायचे. ७५ टक्क्यांहून अधिक गुण मिळाले तर हिरवा रंग, ५० ते ७४ टक्क्यांना पिवळा आणि त्याखाली लाल. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपल्या गावाचा रकाना लाल आहे, हे भिंतीवरच्या तक्त्याकडे बघून समजत असे.

पण नुसता तक्ता भिंतीवर लावून डॉक्टर केंद्रात येत नाहीत. या उपक्रमाचा कणा होती जनसुनावणी. लोक मंडपात, समोर तालुका किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी, बाजूला जाणकारांचे पंच. गावकरी अनुभव सांगणार आणि अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर उत्तर द्यायचे. पुढच्या सुनावणीत मागच्या आश्वासनाचे काय झाले, हेही सांगायचे. औषधांची बाहेरची चिठ्ठी, बेकायदा पैसे, मुख्यालयी न राहणारे कर्मचारी हे विषय वारंवार आले. चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षे चाललेली कुजबुज पहिल्यांदाच अधिकाऱ्यासमोर माइकवर बोलली गेली. प्रायोगिक गावांत ‘चांगला’ शेरा मिळालेल्या सेवांचे प्रमाण पहिल्या फेरीत ४८ टक्के होते, ते तिसऱ्या फेरीत ६६ टक्क्यांवर गेले. हे गुण लोकांनीच दिलेले आहेत, हे ध्यानात ठेवूनच ते वाचायला हवेत. पण आधी कमी गुणही त्याच लोकांनी दिले होते.

कर्मचाऱ्यांचा आक्षेप काय?

आक्षेप होता आणि तो सगळाच खोटा नव्हता. सुनावणीत सापडते ती हाताशी असलेली आरोग्य सेविका किंवा वैद्यकीय अधिकारी. रिक्त पदे भरणे, औषधे खरेदी करणे त्यांच्या हातात नसते. केंद्रात गोळ्या नसतील तर डॉक्टर जिल्ह्याकडे बोट दाखवतात, जिल्हा मुंबईकडे. राज्याची औषध खरेदी २०१७ मध्ये हाफकिनकडे गेली आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. त्या वाटेवरचा अडथळा कोणत्याही गावच्या बैठकीत सुटणारा नाही. म्हणून गावातला प्रश्न तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्यांनी वर नेणे हा या पद्धतीचा आवश्यक भाग ठरतो. वरची पायरी निखळली की खाली उरतो तो फक्त गावकरी आणि सेविकेचा वाद. उलट, जिथे लोकांना केंद्राची अडचण समजली, तिथे गळक्या निवासस्थानासाठी किंवा रिक्त पदासाठी तेच कर्मचाऱ्यांच्या बाजूने बोलू शकतात.

याने जीव वाचतात का?

याचे उत्तर शोधताना युगांडाचा दाखला नेहमी दिला जातो. तिथल्या ५० ग्रामीण दवाखान्यांच्या अभ्यासात गावकरी आणि कर्मचारी यांनी प्रगतिपुस्तक समोर ठेवून एकत्र कृती आराखडा केला. तिथे पाच वर्षांखालील बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर उत्साहाची लाट आली. दहा वर्षांनी त्याच देशात ३७६ केंद्रांवर जवळपास तसाच प्रयोग झाला. उपचारांच्या दर्जात थोडी सुधारणा दिसली. मृत्युदरावर आणि केंद्रांच्या वापरावर परिणाम आढळला नाही. म्हणजे बैठक आणि तक्ता ही जादूची कांडी नाही. महाराष्ट्रातल्या पद्धतीत अधिकाऱ्याला जाहीर उत्तर द्यायला लावणारी सुनावणी होती, हा फरक इथे महत्त्वाचा वाटतो.

आता परिस्थिती काय?

कागदावर समित्यांची कमतरता नाही. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती. आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळालेल्या उपकेंद्रांसाठी केंद्र सरकारने जन आरोग्य समितीची रचना दिली आहे. तिचे अध्यक्ष सरपंच, सहअध्यक्ष प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि सदस्य सचिव उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी. म्हणजे ज्यांच्या कामाचा आढावा घ्यायचा, तेच बैठक बोलावणार आणि इतिवृत्तही तेच लिहिणार. सरपंच खमका असेल तर यातूनही काम होते; नसेल तर इतिवृत्त घरोघर सह्यांसाठी फिरते.

दुसरा घोळ निवडणुकांचा. रुग्ण कल्याण समित्यांत जिल्हा परिषद आणि पंचायत समिती सदस्यांना स्थान असते. २०२२ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणुका कित्येक वर्षे लांबल्या. त्या काळात आरोग्य केंद्राच्या खर्चावर प्रश्न विचारणाऱ्या निवडून आलेल्या खुर्च्याच रिकाम्या राहिल्या.

आणि खरी परीक्षा या खर्चातच आहे. या समित्यांना मिळणारा निधी ‘अबंधित’ असतो, म्हणजे तो कशावर खर्च करायचा हे समितीने ठरवायचे. रंगरंगोटी करायची की बाळंतिणीसाठी गरम पाण्याची सोय, नवी टेबल-खुर्ची घ्यायची की नातेवाइकांना रात्री टेकायला शेड? लोकाधारित देखरेख सुरू असलेल्या काही जिल्ह्यांत या निधीचे नियोजन आणि हिशेब लोकांसमोर मांडण्याचे प्रयत्न झाले. आजही हा हिशेब ग्रामसभेत मागता येतो आणि तिथे मिळाला नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो. अर्जात तीन गोष्टी विचारता येतात : वर्षभरात किती निधी आला, तो कशावर गेला आणि ज्या बैठकीत हा खर्च मंजूर झाला, तिला कोण कोण हजर होते.