मेरियनबाईंचीं चित्रें आणि अळीचें मूळ

फुलांफळांचीं चित्रें काढणारे कलावंत सर्व देशांत होऊन गेले. परंतु झाड काढतांना त्या झाडास खाणारी अळी, तिचा कोश व तिचें पाखरूं हीं सर्व एकाच कागदावर दाखविणारी एक चित्रकर्त्री युरोपांत सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं होऊन गेली. तिचें नांव मारिया सिबिला मेरियन. ज्यांचा संसार पिकावर चालतो, अशा आमच्या शेतकरी बंधूंस या बाईंच्या कामाची ओळख असावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

बाईंचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं झाला. वडील नामांकित खोदचित्रकार होते; ते लवकरच वारले. सावत्र वडील फुलांचे चित्रकार होते. त्यांच्या घरींच बाईंचा हात तयार झाला. तेराव्या वर्षीं त्यांनीं रेशमाचे किडे पाळून पाहिले आणि तेव्हांपासून अळ्या जमविण्याचा छंद त्यांस जन्मभर जडला.

त्या काळीं किडे चिखलांतून व कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, असा पुष्कळांचा समज होता. इटलींतील रेदी नामक विद्वानानें १६६८ सालीं प्रयोग करून त्यास धक्का दिला होता. तरी तो समज लगेच गेला नाहीं. आपल्याकडेही आभाळ आलें कीं ‘अळी पडली’ असें म्हणण्याचा प्रघात आहेच! ढगाळ हवा कित्येक अळ्यांस मानवते हें खरें. पण अळी आभाळांतून पडत नाहीं. कोणत्या तरी पाखरानें अगोदर अंडीं घातलेलीं असतात. मेरियनबाईंनीं हें तर्कानें नव्हे, तर डोळ्यांनीं ठरविलें. अळी डबींत ठेवावी, ती जें झाड खाते त्याचाच ताजा पाला रोज घालावा, ती कात केव्हां टाकते, कोश केव्हां करते, पाखरूं केव्हां निघतें, हें टिपून ठेवावें व प्रत्येक अवस्थेचें चित्र काढावें, असा त्यांचा क्रम होता.

अशा ५० चित्रांचें त्यांचें पुस्तक १६७९ सालीं व तितक्याच चित्रांचा दुसरा भाग १६८३ सालीं निघाला. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली. जमीन एका वहींत, खातेदार दुसरींत व पीक तिसरींत असून त्यांचा मेळ घालणारा कागद नसेल, तर तंटा मिटत नाहीं. सातबाऱ्याचें मोल तें हेंच. पूर्वीं झाडें एका ग्रंथांत व किडे दुसऱ्या ग्रंथांत असत. बाईंनीं कोणती अळी कोणत्या झाडाची, हें एकाच पानावर नोंदलें. कधीं कधीं कोशांतून पाखराऐवजीं माशा किंवा गांधिलमाशीसारखे लहान किडे बाहेर पडत. तेंही त्यांनीं लपविलें नाहीं. ते किडे अळीच्या जिवावर वाढतात, म्हणजे ते शेतकऱ्याचे मित्रच होत, हा उलगडा पुढें इतर संशोधकांनीं केला.

१६९१ पासून बाई हॉलंडांतील ॲमस्टरडॅम शहरीं राहत होत्या. तेथें परदेशांतून आणलेले मेलेले किडे त्यांनीं पाहिले. पण ते कशावर जगतात, कशांतून निघतात, हें कोठेंच लिहिलेलें नव्हतें. तेव्हां आपलीं चित्रें विकून त्यांनीं पैका उभा केला आणि १६९९ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, धाकट्या मुलीस घेऊन त्या दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम या डच वसाहतींत गेल्या. तेथील मळेवाल्यांस उंसाखेरीज दुसरें कांहीं दिसत नव्हतें. साखर सोडून भलतेंच शोधते, म्हणून ते बाईंची थट्टा करीत, असें बाईंनींच लिहून ठेविलें आहे.

तो ऊंस गुलामांच्या घामावर पिकत असे. बाईंच्या शोधासही गुलाम व मूळ रहिवासी यांचे हात लागले होते. आपल्या अंगणांत दिसणारा शंकासूर बाईंनीं तेथें रंगविला. त्याविषयीं त्या लिहितात कीं, आपलें मूल गुलामींत जन्मूं नये म्हणून तेथील स्त्रिया त्याच्या बियांनीं गर्भ पाडीत. हें त्या स्त्रियांनींच त्यांस सांगितलें. फुलाच्या चित्राशेजारीं एवढें दुःख नोंदणारा चित्रकार विरळाच.

प्रकृति ढासळल्यामुळें १६०१ नव्हे, १७०१ सालीं बाई परतल्या. १७०५ सालीं त्यांचा ६० चित्रांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत अननस, पेरू, पपई, काजू, केळ, डाळिंब अशीं आपल्या परिचयाचीं झाडें आहेत. पेरूच्या चित्रांत एक मोठा कोळी लहानसा पक्षी खातांना दाखविला आहे. पुष्कळांनीं ती थाप मानली. परंतु बेट्स या निसर्गशास्त्रज्ञानें १८६३ सालच्या आपल्या ग्रंथांत तसाच प्रकार प्रत्यक्ष पाहिल्याचें लिहिलें. बाईंचें सर्वच बरोबर होतें असें नाहीं. एका किड्याच्या डोक्यांतून उजेड पडतो, हें त्यांचें म्हणणें पुढें खोटें ठरलें. १३ जानेवारी १७१७ रोजीं त्या निवर्तल्या.

आतां आपल्या शेताकडे वळूं. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतीलच एक कीड, मक्यावरील लष्करी अळी, २०१८ सालीं प्रथम कर्नाटकांत आढळली आणि लवकरच महाराष्ट्रांत पसरली. तिचें पाखरूं पानावर पुंजक्यानें अंडीं घालतें व तीं केसांनीं झांकतें. अळी पोंग्यांत शिरून खाते आणि कोशासाठीं जमिनींत उतरते. तिच्या डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी खूण व शेपटीकडे चौकोनांत चार काळे ठिपके असतात. एवढें ज्यास ठाऊक, तो अंड्यांचे पुंजके वेळींच चुरडील आणि नांगरटीनें कोश उन्हांत उघडे पाडील. ज्यास ठाऊक नाहीं, तो अळी पोंग्यांत खोल गेल्यावर औषधाच्या दुकानीं धांवेल, आणि तेव्हां औषधही तिच्यापर्यंत नीट पोंचत नाहीं.

सारांश, पुढील हंगामांत अनोळखी अळी दिसतांच तिला त्याच पिकाच्या पाल्यासह जाळीच्या झांकणाच्या डबींत ठेवावें व तारीखवार टिपण करावें. घरांत चित्रें काढणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर टिपणाशेजारीं चित्रही काढवून घ्यावें. अशी वही दोनचार हंगाम चालली, तर कोणती अळी कोणत्या महिन्यांत येते, हें शेजाऱ्यास विचारावें लागणार नाहीं.