भिंतीत साठवलेलं पाणी

मोठ्या खोलीत पार्टिशन घालायचं ठरलं की सुतार विचारतो, ‘हार्डबोर्ड मारू की जिप्सम?’ बहुतेक घरांत उत्तर दरावरून दिलं जातं. पलीकडे स्वयंपाकघर असेल, तर माझ्या मते आधी आगीचा विचार करावा.

मुलं परीक्षेला नेतात ते तपकिरी पॅड हार्डबोर्डचंच. एक अंग गुळगुळीत, दुसऱ्यावर जाळीची नक्षी. लाकडाच्या तंतूंचा ओला थर जाळीवर ठेवून गरम प्रेसखाली दाबतात. वाफ जाळीतून निघून जाते, ठसा मागे राहतो. अमेरिकेत विल्यम मेसन यांनी १९२४च्या सुमारास ही रीत शोधली. उष्णता आणि दाबामुळे लाकडातलंच लिग्निन तंतूंना घट्ट बांधतं, म्हणून जेमतेम तीन मिलिमीटरचा पत्राही चिवट असतो. पण शेवटी ते लाकूडच. पावसाळ्यात दमट हवेनं फुगतं, चौकटीच्या मधल्या भागात पोट काढतं आणि आग लागली की स्वतःच जळण होतं.

जिप्सम बोर्डात दोन जाड कागदांमध्ये कॅल्शियम सल्फेटचे स्फटिक असतात. त्यांच्या रचनेतच पाणी बांधलेलं असतं, वजनाच्या जवळपास एकपंचमांश! कारखान्यात जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास तापवून यातलं पाऊण पाणी घालवतात, की झालं पीओपी. त्यात पुन्हा पाणी मिसळलं की सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतत वाढतात आणि बोर्ड कडक होतो.

आग लागली की हेच उलट्या दिशेनं घडतं. साडेबारा मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटर बोर्डात साधारण दीड लिटर पाणी असतं. ते सुटून त्याची वाफ होण्यात आगीची बरीच उष्णता खर्ची पडते, आणि तोवर बोर्डाची मागची बाजू शंभर अंशांच्या आसपासच रेंगाळते. घरच्यांना बाहेर पडायला मिळतात ती हीच मिनिटं. पाणी संपलं की जिप्सम आक्रसतं, तडकतं. म्हणून फायर बोर्डात काचेचे तंतू घालतात. मात्र सांधे नीट भरलेले हवेत. फटीतून ज्वाळा पलीकडे गेल्या, तर बोर्ड कितीही चांगला असून काय उपयोग?

ओल जिप्समलाही सोसत नाही. कागद सुटतो, बुरशी धरते. फरशी धुण्याची सवय असेल तर बोर्डाची खालची कड जमिनीपासून थोडी वर ठेवायला सांगा. यात खिळाही धरत नाही, त्यामुळे टीव्ही आणि फडताळं कुठे येणार ते बोर्ड चढण्यापूर्वीच ठरवा. तेवढ्या जागी आतून प्लाय बसवून घेता येतो.