शुगर ग्लायडर घरी आणण्यापूर्वी

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना लागणारे केळझर हे विदर्भातील अष्टविनायकांपैकी एका गणपतीचे गाव. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेले बोरचे जंगल इथून जवळच आहे. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो आणि नेमक्या याच दिवसांत शहरांत स्थायिक झालेली कुटुंबे मुलाबाळांसह गावी येतात. सोबत कुत्रा आला तर तो ओसरीत माठाखालच्या ओलाव्यात पडून राहतो. शुगर ग्लायडरला मात्र हे जमणारे नाही. हा प्राणी पाळावा की नाही, याचा विचार त्याच्या गोंडस छायाचित्रांपेक्षा अशा मुक्कामाच्या ठिकाणापासून सुरू केलेला बरा.

ओंजळीत मावणारा, शंभर ते दीडशे ग्रॅम वजनाचा हा जीव दिसतो खारीसारखा. पण खारीशी त्याचे नाते नाही. कांगारूप्रमाणे तो पिशवीधारी आहे. मादी अवघ्या सोळा दिवसांत तांदळाच्या दाण्याएवढे पिल्लू प्रसवते आणि पुढचे सुमारे सत्तर दिवस ते तिच्या पोटावरच्या पिशवीत वाढते. पुढच्या व मागच्या पायांमधील त्वचेचा पडदा ताणून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. पन्नास मीटरपर्यंतचे अंतर तो असे कापू शकतो. आपल्याकडील उडणारी खारही हेच करते, पण ती कृंतक वर्गातली. दोन दूरच्या कुळांनी एकाच अडचणीवर शोधलेला हा सारखा उपाय आहे. उडणारी खार पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगायला हवे.

शुगर ग्लायडर मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा. फुलांतील मध, निलगिरीचा रस, बाभूळकुळातील झाडांचा डिंक आणि किडे हा त्याचा आहार. डिंक आपण लाडवांत घालतो. हा प्राणी तो दातांनी साल खरवडून मिळवतो आणि रात्रीचा बराच वेळ त्यातच घालवतो. घरात मात्र त्याच्यापुढे सफरचंदाच्या फोडी व द्राक्षे येतात. नुसत्या फळांवर राहिलेल्या ग्लायडरला कॅल्शियम कमी पडते, हाडे ठिसूळ होतात आणि एके दिवशी मागचे पाय उचलेनासे होतात. या आजाराचे मूळ बहुतेकदा मालकाच्या लाडातच असते.

दुसरी गोष्ट सोबतीची. रानात हे प्राणी कळपाने राहतात आणि ढोलीत एकमेकांना बिलगून झोपतात. एकटा ठेवलेला ग्लायडर खिन्न होतो, स्वतःचे केस उपटतो, प्रसंगी शेपटी वा पाय कुरतडून जखमा करून घेतो. ‘मी त्याला दिवसभर खिशात ठेवतो’ हे त्यावरचे उत्तर नव्हे, कारण दिवस ही त्याची झोपेची वेळ. तो जागा होतो तो घर झोपल्यावर, आणि भुंकल्यासारखा आवाज काढतो. कपाळावरच्या व छातीवरच्या ग्रंथींतील स्रावाने आणि मूत्राने तो आपला परिसर खुणावतो. तो वास सर्वांनाच सोसतो असे नाही. नीट सांभाळ झाला तर त्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. सातवीतल्या मुलीच्या हट्टाखातर आणलेला प्राणी तिची पदवी होईपर्यंत घरात असेल, याचा हिशेब आईवडिलांनीच करायचा आहे.

आता कायदा. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. शुगर ग्लायडर त्या यादीत नाही. तेव्हा ‘साहेब, हा कायदेशीर आहे’ असे दुकानदार सांगू शकतो. ते अर्धेच खरे. असा प्राणी परदेशातून आणण्यासाठी परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या सामानातून परदेशी वन्य प्राणी जप्त झाल्याच्या बातम्या २०२५ मध्ये वारंवार आल्या. समोरचे पिल्लू इथे जन्मले की बॅगेत कोंबून आले, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया व हवाई या राज्यांत तर तो पाळायलाच बंदी आहे.

कंटाळा आला तर जवळच्या जंगलात सोडून देऊ, हा विचार सर्वांत घातक. टास्मानिया बेटावर माणसाने एकोणिसाव्या शतकात नेलेले ग्लायडर आज तिथल्या दुर्मीळ स्विफ्ट पोपटांच्या ढोल्यांत शिरून अंडी, पिल्ले आणि बसलेल्या माद्याही खातात. बोरच्या जंगलात सोडलेला पाळीव ग्लायडर बहुधा उन्हाने किंवा घुबडाच्या तावडीत मरेल. जगला, तर ढोलीत घरटी करणाऱ्या आपल्या पक्ष्यांना ते महागात पडेल.

प्रस्तुत लेखकाच्या मते, सामान्य शहरी घराने हा प्राणी आणू नये. ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांनी त्याला जोडीदार द्यावा, पण नराची नसबंदी करून. नाहीतर वर्षभरात पिल्लांना घरे शोधत हिंडावे लागेल. खरेदीची पावती जपून ठेवावी. अशा प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक आजार होण्याआधीच गाठावा, कारण प्रत्येक दवाखान्यात तो नसतो. चोवीस ते सत्तावीस अंशांचे तापमान त्याला मानवते. कूलर आणि वीज दोन्ही भर दुपारी दगा देऊ शकतात, अशा गावी मे महिन्यात त्याला नेऊच नये. त्याची वेळापत्रके सांभाळणारा कुणी शहरातच शोधावा. तसे कुणी मिळत नसेल, तर सुट्टीचा बेत बदलावा लागेल.